ओवाळलेली नोट

सरांनी नवरदेवावरून नोट ओवाळली आणि माझ्या हातात ठेवली. मी ती परत केली. आबा समोर रस्त्यावर क्लॅरिनेट वाजवत होते. त्यांनी ते पाहिलं.

त्या सकाळी एवढंच झालं. त्यानंतर मी कुणाच्या वरघोड्यात, म्हणजे नवरदेवाच्या वरातीत, वाजवलं नाही.

आबा म्हणजे माझे वडील. या उन्हाळ्यात ते गेले. तेराव्यापर्यंत घरात माणसं होती. आता नाहीत. मी लिहायला बसतो. दोन ओळी होतात. उठतो. खिडकी उघडतो, बंद करतो. पुन्हा बसतो. जे सांगायचं राहिलं ते कागदावर येत नाही तोवर हे असंच चालणार, हे मला कळलं आहे.

आमचं घर बडोद्यात, नवापुऱ्यात. खंडेराव मार्केटच्या मागच्या गल्लीत तेव्हा बँडवाल्यांची दुकानं होती. दुकान म्हणजे एक शटर. आत खुंट्यांवर लाल कोट, भिंतीला टांगलेली पितळी वाद्यं, कोपऱ्यात ढोल. बाहेर रंगवलेली पाटी. आबा त्यातल्या एका बँडात मास्तर होते. मास्तर म्हणजे पुढे उभं राहून क्लॅरिनेट वाजवणारा. मालक रमणभाई. ते सोडून सगळे मराठी, सगळे आमच्याच वस्तीतले.

आमची माणसं राज्याच्या, म्हणजे संस्थानाच्या, पलटणीबरोबर बडोद्याला आली. आजोबा पलटणीच्या बँडात होते. राज्य गेलं, पलटण मोडली. ज्यांना बंदूक धरता येत होती ते गिरणीच्या दारावर वॉचमन झाले. ज्यांना वाद्य धरता येत होतं ते लोकांच्या लग्नात उभे राहिले. आजोबा राजवाड्याच्या हिरवळीवर वाजवायचे, असं घरात सांगितलं जायचं. हिरवळीवर वाजवायचे. आत नाही.

आता रीत सांगतो. ती कळल्याशिवाय पुढचं कळणार नाही.

वरघोडा निघतो. नवरदेव घोडीवर, पुढे बँड, मध्ये नाचणारे. नवरदेवाचा काका, मामा, आतेभाऊ, कुणीतरी खिशातून नोट काढतो आणि नवरदेवाच्या डोक्यावरून ओवाळतो. ओवाळायची म्हणजे त्याला लागलेली नजर, त्याच्यावर येऊ घातलेलं जे काही असेल ते, त्या नोटेवर उतरवायचं. उतरवलेलं घरात ठेवत नाहीत. मीठ-मोहरी ओवाळली तर चुलीत टाकतात. नोट चुलीत टाकवत नाही. म्हणून बँडवाला.

बँडवाल्याचे दोन्ही हात वाद्यात गुंतलेले. म्हणून नोट त्याच्या टोपीत खोचायची. टोपीला सोनेरी पट्टी असते, तिच्यात. आबांच्या टोपीची पट्टी सैल झाली होती. आई ती दर हंगामाआधी टाके घालून घट्ट करायची.

कुणी नुसती खोचून जायचं. पण ज्यांना मजा हवी ते नोट उंच धरायचे. मास्तरने क्लॅरिनेट वाजवत वाजवत त्याचं तोंड नोटेपर्यंत न्यायचं. तो न्यायला लागला की हात अजून वर. मास्तर मागे वाकतो. टाचा उचलतो. सूर तुटू द्यायचा नाही. लोक हसतात. हसून झालं की नोट मिळते.

लहानपणी मी आबांना विचारलं होतं, की त्यांची नजर तुमच्या टोपीत आली, मग ती तुम्हाला नाही का लागत? आबा कोट झटकत होते. म्हणाले, "आपल्याकडे तिला लागायला आहे काय?"

तेव्हा मी हसलो होतो.

मी शिकलो. घरातला पहिला. सकाळी कॉलेज, इंग्रजी विषय घेऊन बी.ए. दुपारपासून गोरव्यातल्या एका कारखान्यात लेथवर मदतनीस. तो काळ असा होता की रोज काहीतरी नवीन यायचं. केबल आली. नव्या गाड्या आल्या. अल्कापुरीत काचेची दुकानं आली. लग्नं मोठी झाली. आमची गल्ली होती तिथेच होती, फक्त रमणभाईंनी एक लारी, म्हणजे हातगाडी, विकत घेतली. लारीवर बॅटरी, अँप्लिफायर, दोन भोंगे आणि एक कॅसिओ कीबोर्ड. लोकांना आता नुसतं पितळ नको होतं.

गिटार मला शुक्रवारीत मिळाली. शुक्रवारी म्हणजे जुन्या सामानाचा बाजार. मान वाकलेली, तारा लाकडापासून इतक्या वर की दाबताना बोटं फाटायची. त्याच बाजारातून मी एक मोडका टेपरेकॉर्डर आणला. त्याच्या पोटात एक कॅसेट अडकलेली होती. वर नाव नाही, काही नाही. टेप दुरुस्त केला आणि ती लावली. एक म्हातारा आणि एक गिटार. बाकी कुणी नाही. म्हाताऱ्याचे शब्द अर्धे कळायचे. गिटार मात्र सूर लावायची नाही. खालून यायची, सुराला वाकवायची, तिथवर पोचायची आणि पोचता पोचता सोडून द्यायची. जणू पोचायला परवानगी नव्हती.

आबा दाराशी बसून क्लॅरिनेटच्या तोंडातली पट्टी, रीड, घासत होते. हात थांबला. पुन्हा लावायला सांगितलं. मग विचारलं, "हा वरातीत वाजवतो का कुठे?"

मी सांगितलं, नाही, हा अमेरिकेतला काळा माणूस असावा. याला ब्लूज म्हणतात. यांचे आजे-पणजे गुलाम होते, मालकांच्या कापसात राबायचे.

आबा म्हणाले, "मग वाजवतच असणार."

तो सूर आबांच्या क्लॅरिनेटमध्ये होता. मुलगी सासरी निघाली की जे वाजवतात त्यात. लोक तेव्हा रडत असतात, म्हणून ऐकत नाहीत. मी ऐकला होता.

कॅसेटमधला म्हातारा तारेवर काहीतरी गुळगुळीत फिरवत होता हे मला ऐकून कळलं. कारखान्यात भंगारातला पाइप होता. मी त्याचा करंगळीएवढा तुकडा लेथवर कापला, कडा घासल्या, बोटात घातला. वाकड्या मानेची ती गिटार दाबून वाजत नव्हती. पाइप फिरवला की वाजायची. तिचं व्यंग कामाला आलं. जेवणाच्या सुट्टीत मी शेडच्या मागे बसायचो. कामगार म्हणायचे, "आ शुं वगाडे छे? कूतरुं रडतुं होय एवुं." कुत्रं रडल्यासारखं. खरं होतं. तसंच हवं होतं.

रमणभाईंनी मला लारीवर घेतलं. गिटारला एक पिकअप, तारांचा आवाज पकडणारा तुकडा, बांधला आणि वायर भोंग्यात. भोंगा सूर फाडायचा. कॅसेटमध्ये जे होतं ते मला त्या फाटक्या भोंग्यातून पहिल्यांदा मिळालं. मी पाइप घातला आणि एक लांब सूर ओढला. नवरदेवाची घोडी दोन पायांवर उभी राहिली. रमणभाई धावत आले. "एय, घोडी भडकी जशे. पिक्चरनुं वगाड." मी पिक्चरचं वाजवलं. पण दोन गाण्यांच्या मध्ये, नाचणारे पाणी प्यायला थांबले की, मी तो सूर काढायचो. घोडीपासून लांब.

अशाच एका सकाळी वरघोडा प्रतापगंजातून चालला होता. एका बंगल्याच्या फाटकात एक गृहस्थ उभे होते. पांढरा झब्बा, हातात चहाचा कप. मी दोन गाण्यांच्या मधला सूर ओढला आणि त्यांनी कप फाटकाच्या खांबावर ठेवला. लारीबरोबर चालत आले. इंग्रजीत विचारलं, हे कुठे शिकलास? मी सांगितलं. मग मराठीत विचारलं, "आडनाव?"

आडनाव सांगितलं. त्यांनी मान हलवली. ती मान कशी हलते ते आमच्या वस्तीत लहान मुलालाही कळतं. पण त्यांनी पुढे म्हटलं, "वा. म्हणजे ते तुझ्यात आहेच." आणि रविवारी सकाळी घरी ये म्हणाले.

ते सर. कॉलेजात शिकवून निवृत्त झालेले. त्यांचे आजोबा राज्याच्या कारभारात मोठ्या हुद्द्यावर होते. त्या राजवाड्यात जिथे माझे आजोबा हिरवळीवर होते, तिथे त्यांचे आजोबा आत होते. बंगल्यातली एक खोली नुसत्या रेकॉर्ड्सची. परदेशातून आणलेल्या. दर रविवारी तिथे दहा-बारा माणसं जमायची. एक डॉक्टरीणबाई, एक आर्किटेक्ट, दोघं-तिघं प्राध्यापक. गादीवर बसायचे. सर रेकॉर्ड लावायचे आणि बोलायचे. सर इंग्रजीत सुरू करायचे आणि मराठीत रडायचे. खोटं रडत नव्हते. गुलामांच्या बाजाराबद्दल, चाबकाबद्दल, वेगळ्या नळांबद्दल बोलताना त्यांचा आवाज खरंच फाटायचा.

"हे संगीत अपमानातून आलंय," ते म्हणायचे. "अपमान ज्याला कळत नाही त्याला हे ऐकूच येणार नाही."

हे वाक्य मी पाठ केलं. गोरव्याला सायकलवरून जाताना म्हणायचो.

सर मला शेवटी वाजवायला लावायचे. मी दाराजवळच्या स्टुलावर बसायचो. पाइप बोटात घालायचो. तो सूर आला की खोलीत कुणी हलायचं नाही. पंखासुद्धा बंद करायचे. माझ्या आयुष्यात मी वाजवताना कुणी गप्प बसलं ते पहिल्यांदा तिथे. हे मी नाकारणार नाही. त्या गप्प बसण्यासाठी मी काय वाटेल ते केलं असतं.

मग चहा. चहा आला की सर सगळ्यांसमोर म्हणायचे, "आमच्याकडे वेगळा कप नाही बरं का, बिनधास्त घे." दर रविवारी. सगळे कौतुकाने हसायचे. मी कप उचलायचो. कप वेगळा नव्हता हे खरं. पण त्या खोलीत कपाबद्दल फक्त मलाच सांगितलं जायचं.

मला ते टोचायचं आणि मी ते बाजूला ठेवायचो. कारण सरांनी ठरवलं होतं, की उन्हाळ्यात गावातल्या मोठ्या नाट्यगृहात कार्यक्रम करायचा. सर ब्लूजवर बोलणार, मी वाजवणार. मुंबईहून एक गृहस्थ येणार होते, कॅसेट काढणारे. त्यांना माझं वाजवणं आवडलं तर लेथ सुटणार होता. लारी सुटणार होती. सरांनी सरावासाठी मला एक इलेक्ट्रिक गिटार दिली. त्यांच्या मुलाने अमेरिकेहून आणलेली. आमच्या घरात एकच पलंग. गिटार पलंगावर असायची. आम्ही खाली झोपायचो. आईने तिच्यावर स्वतःची लग्नातली शाल घातली होती.

कार्यक्रमाआधी सरांच्या मुलाचं लग्न निघालं. मुलगी गुजराती, मोठ्या घरची. बडोद्यातल्या आपल्या मराठी घरांनीही तोपर्यंत वरघोडा उचललाच होता. सरांनी ठरवलं, डीजे नको. जुना बँड हवा, राज्याच्या वळणाचा. रमणभाईंकडे सांगावा गेला, आणि मास्तर म्हणून आबाच हवेत असाही.

मला सर म्हणाले, "तू लारीवर नाही हं. तू पाहुणा. पुढच्या फाटकातून ये."

मी घरी येऊन ते सांगितलं. आईने माझा शर्ट दोनदा इस्त्री केला. आबा क्लॅरिनेट पुसत बसले. लग्नाच्या सकाळी लाल कोट चढवून निघताना दारात थांबले.

"तू तिकडे पायरीवर असशील," ते म्हणाले. "माझ्याकडे बघू नकोस. मी तुझ्याकडे बघणार नाही."

मला वाटलं, ते माझी लाज राखताहेत. तसंच होतं. पण मला अजून एक वाटत होतं, ते मी त्यांना सांगितलं नाही. मला वाटत होतं की आज त्या खोलीतली माणसं आबांना ऐकतील. जो सूर माझ्याकडून ऐकताना पंखा बंद करतात, तो कुठून आला ते त्यांना कळेल. कुणीतरी विचारेल, हे कोण? आणि मी सांगेन.

मी पुढच्या फाटकातून गेलो. सर मला हात धरून पायरीपर्यंत घेऊन गेले. डॉक्टरीणबाईंच्या शेजारी उभं केलं. मुलीकडची काही माणसं आली होती, त्यांना सांगितलं, "हा आपला कलाकार." कुणीतरी सरबत दिलं.

नवरदेव घोडीवर चढला. बँड सुरू झाला. आबा पुढे. त्यांनी सांगितल्याप्रमाणे माझ्याकडे बघितलं नाही. मी मात्र बघत होतो.

नवरदेवाचा मामा नाचत पुढे आला. हातात नोट. त्याने ती भाच्यावरून ओवाळली आणि उंच धरली. आबांनी क्लॅरिनेट वर नेलं. मामाने हात अजून वर नेला. मग कुणीतरी प्लास्टिकची खुर्ची आणून दिली. मामा खुर्चीवर चढला. "मास्तर," तो ओरडला, "आणखी वर. सूर्याला लावा भोंगा."

आबा मागे वाकले. टाचा उचलल्या. टोपी मागे सरकली, कपाळावर पट्टीचा वळ दिसला. वाकलेल्या छातीत हवा मावत नाही. तरी सूर तुटू द्यायचा नाही. त्यांनी एक सूर धरला. खालून आणलेला, वाकवलेला, पोचता पोचता सोडलेला.

तोच. रविवारचा.

लोक हसत होते. आर्किटेक्ट हसत होते. प्राध्यापक हसत होते. डॉक्टरीणबाई तोंडाला रुमाल लावून हसत होत्या. वाईट हसू नव्हतं ते. लग्नातलं हसू. मी एकेकाच्या चेहऱ्याकडे बघितलं. कुणाच्याही चेहऱ्यावर ओळखल्याची खूण नव्हती.

तिथे मला कळलं. त्यांनी माझ्याकडूनही तो सूर कधी ऐकला नव्हता. खोलीत, गादीवर, पंखा बंद करून ते काहीतरी दुसरंच ऐकत होते. समुद्रापलीकडचं, कुणा दुसऱ्याच्या मालकांनी केलेलं. फाटकाबाहेरचं त्यांना ऐकू येत नव्हतं. अपमान ज्याला कळत नाही त्याला हे ऐकूच येणार नाही. पाठ केलेलं वाक्य.

सर पायरी उतरले. मुलाचा चेहरा उन्हात तांबूस झाला होता, सर त्याच्याकडे डोळे भरून बघत होते. खिशातून त्यांनी नोट काढली. कोरी. मुलावरून ओवाळली. आबांकडे बघितलं. आबा मामाच्या हाताखाली वाकलेले. मग सरांनी मागे बघितलं. मी होतो.

त्यांनी नोट माझ्या तळहातावर ठेवली. "घे," ते म्हणाले. "आबांना दे, नाहीतर तू ठेव. दोन्ही एकच."

डॉक्टरीणबाई म्हणाल्या, "घे रे. शकुन असतो."

नोट हातात होती. सरबताचा ग्लास दुसऱ्या हातात. मला पलंगावरची गिटार दिसली, तिच्यावरची शाल. नाट्यगृह दिसलं. लेथचा आवाज ऐकू आला. बोटं मिटली असती तर सगळं जागच्या जागी राहिलं असतं. कुणाला काही कळलंही नसतं. आबाही वर्षानुवर्षं घेत आले होते.

मी ग्लास पायरीवर ठेवला. सरांचा हात धरला आणि नोट त्यांच्या तळव्यात ठेवून त्यांची बोटं तिच्यावर मिटवली.

"सर," मी म्हणालो, "ही तुमच्या मुलावरून उतरवलेली आहे. तुमच्याच घरात राहू द्या."

मोठ्याने बोललो नव्हतो. पण बोललो तेव्हा गाणं संपत आलं होतं, त्यामुळे पायरीवरच्या सगळ्यांना ऐकू गेलं. सरांचा चेहरा आधी गोंधळला. मग त्यांनी नोटेकडे बघितलं आणि हात झटकन मागे घेतला. नोट खाली पडली. शिकलेला माणूस, गुलामांच्या इतिहासावर तासभर बोलणारा. स्वतःच्या मुलावरून उतरवलेली नोट हातात धरायला भ्याला. मी ते बघितलं. नोट पायरीवर पडून राहिली तेवढा वेळ कुणीच तिला हात लावला नाही.

खुर्चीवरून मामा ओरडला, "कोण आहे तो?"

सर म्हणाले, "बँडवाल्याचा मुलगा."

क्लॅरिनेट चिरकलं. आबांचं क्लॅरिनेट चिरकलेलं मी त्याआधी ऐकलं नव्हतं. एक क्षण काहीच वाजलं नाही. मग आबांनी लगेच दुसरं गाणं उचललं, जोरात, सगळा बँड त्यांच्या मागे आला, ढोल आला, घोडी हलली. वरघोडा पुढे सरकला. त्यांनी लग्न सांभाळून घेतलं. सरांचं.

मी फाटकाबाहेर आलो. निघून जाता आलं असतं. गेलो नाही. वरघोड्याच्या बाजूने रस्त्याच्या कडेने चालत राहिलो. पाहुण्यांत नाही, बँडात नाही. आबा वाजवत होते आणि वाटेत जो देईल त्याची नोट टोपीत घेत होते. बघू नकोस म्हणाले होते. मी मांडवापर्यंत बघितलं.

घरी आल्यावर आबांनी टोपी खुंटीला लावली आणि माझ्यासमोर उभे राहिले. मला वाटलं मारतील. मारलं असतं तर बरं झालं असतं.

"तू परत केलीस," ते म्हणाले. "मी आयुष्यभर घेतली. आता माझं काय करायचं?"

आईने ताट वाढलं. ते तसंच राहिलं.

दुसऱ्या दिवशी दुपारी मी शाल काढली आणि गिटार घेऊन प्रतापगंजला गेलो. सर व्हरांड्यात होते, हार अजून खांबांवर लटकत होते. ते रागावले नव्हते, दुखावले होते. म्हणाले, प्रतीक असतं ते, रीत असते. तू एवढा शिकलेला, तू तरी समजून घ्यायचं. मी तुझ्यासाठी काय काय ठरवलं होतं. मी गिटार खुर्चीला टेकवून ठेवली.

"मग कार्यक्रमात मी काय करू?" त्यांनी विचारलं. "रेकॉर्ड लावू?"

"लावा," मी म्हणालो.

त्यांनी रेकॉर्ड लावली. नाट्यगृह भरलं होतं, असं नंतर कुणीतरी सांगितलं. लोक उभे राहून टाळ्या वाजवत होते.

रमणभाईंनी मला लारीवरून काढलं. आबांना ठेवलं, कारण तसा मास्तर मिळत नाही. आबा पुढेही वाजवत राहिले, नोटा टोपीत घेत राहिले. मग डीजेचे ट्रक आले, बँड आटले, रमणभाईंच्या शटरमागे मोबाइलचं दुकान आलं. आबा शहराबाहेर बाजव्याकडच्या एका गोदामावर वॉचमन झाले. आजोबांचे सोबती जसे गिरणीच्या दारावर उभे राहिले होते, तिथेच आम्ही फिरून आलो. मी लेथवर राहिलो, बी.ए. झालो, बी.एड. केलं, शाळेत लागलो. गिटार सोडली नाही. वाकड्या मानेचीच. हळूहळू कुठे कुठे बोलावू लागले. अहमदाबादला, पुण्याला, मुंबईच्या एखाद्या लहान क्लबात.

त्या सकाळबद्दल आबा पुन्हा कधी बोलले नाहीत. चांगलं केलंस असंही म्हणाले नाहीत. मी कुठे वाजवून आलो की एकच विचारायचे.

"जेवायला कुठे बसवलं?"

मी सांगायचो. सगळ्यांबरोबर. किंवा स्टेजच्या मागे, पण टेबलावर. एकदा सांगितलं की स्वयंपाकघराच्या दारात, पाहुण्यांचं झाल्यावर. त्यांनी माझ्याकडे बघितलं. तिथे मी पुन्हा गेलो नाही. पैसे बरे होते, नाव होत होतं. तरी गेलो नाही. एवढंच मला त्यांना देता आलं आणि ते त्यांनी घेतलं की नाही हे मला माहीत नाही.

ते गेले त्या दिवशी जुने बँडवाले आले. जे उरले होते ते. रमणभाईंचा मुलगा नवा लाल कोट आणि नवी टोपी घेऊन आला होता, सोनेरी पट्टीची. त्याच्या मनात आदरच होता. म्हणाला, "मास्तरने आमां ज लई जईए." मास्तरांना यातच नेऊ. बाकीच्यांनी माना हलवल्या. त्यांचं खरं होतं. आबा त्या वेशात सुंदर दिसायचे.

मी म्हणालो, कोट घाला. टोपी नको.

रमणभाईंच्या मुलाला ते कळलं नाही. पुन्हा म्हणाला, टोपीशिवाय मास्तर कसे? ढोलवाले काका, आबांच्या बरोबरीचे, पुढे झाले. त्यांनी टोपी त्याच्या हातातून घेतली, आतून बघितली, पट्टीत बोट घातलं. मग ती बाहेर ओट्यावर नेऊन ठेवली. आत आले आणि आबांचे केस हाताने सारखे केले.

आबांना उघड्या डोक्याने नेलं. कपाळावरचा पट्टीचा वळ गेला नव्हता. तो जाणारही नव्हता.

मी लग्नात वाजवणार नाही. मागच्या दाराने आत जाणार नाही. वाजवून झाल्यावर कुणी माझं दुःख किती अस्सल आहे हे सांगायला आलं तर त्याला विचारीन, तुमच्या दारात काल कोण वाजवत होतं? उत्तर आलं नाही तर गिटार पेटीत ठेवीन आणि निघेन. शाळेतून सुटलेली वस्तीतली पोरं संध्याकाळी माझ्याकडे शिकायला येतात. त्यांना मी पहिल्या दिवशी सूर शिकवत नाही. नको कसं म्हणायचं ते शिकवतो.

क्लॅरिनेट माझ्याकडे आहे. पाइपचा तुकडा आहे. शुक्रवारीतली गिटार आहे, मान अजून वाकडी. टोपी नाही.